करार तिकडे, बिल इकडे

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी सोशल वर्कर म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. रुग्णालयाच्या खिडकीवर जे औषध मिळत नाही, ते डॉक्टर वेगळ्या कागदावर लिहून देतात. नातेवाईक ती बाहेरची चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये जातात, किंमत विचारतात आणि बऱ्याचदा औषध न घेताच परत येतात. मग कुणीतरी त्यांना आमच्या टेबलाकडे पाठवतं. माझं काम तिथून सुरू व्हायचं. रेशनकार्ड पिवळं की केशरी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आहे का, डॉक्टरांनी खर्चाचं एस्टिमेट दिलंय का, हे बघायचं. ट्रस्टना पत्रं लिहायची, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून द्यायचा. याच टेबलाशी बसून मला आंतरराष्ट्रीय व्यापार करारांची काळजी लागली. कशी, ते सांगते.

२००७ च्या सुमारास परतूरकडचा एक मुलगा आला होता. गवंडीकाम करायचा, पंचविशीही गाठलेली नव्हती. रक्ताचा कर्करोग, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन नाही, रोज गोळी घ्यायची. वडिलांना तेवढ्यानेच धीर आला. माझ्यासमोर बसल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, किती दिवस घ्यायची ही गोळी?" मी म्हटलं, "काका, थांबवायची नाही. चालूच ठेवायची." ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग किंमत सांगा."

त्या गोळीचं नाव इमॅटिनिब. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च त्या काळी साधारण १,२०,००० रुपये सांगितला जाई. तेच औषध भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या. त्या घराला आठ हजारही झेपणारे नव्हते. पण आठ हजार मागता येतात. या महिन्यात एका ट्रस्टकडे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे, मधला महिना गावच्या मंडळींनी वर्गणी काढून, असं निभावता येतं. दर महिन्याला सव्वा लाख, तेही आयुष्यभर, कुणाकडेच मागता येत नाहीत. कितीही कळकळीने पत्र लिहिलं तरी नाही. पुढे आणखी कंपन्या आल्या, किंमत उतरत गेली, आणि त्या मुलाला वडिलांचा हात धरून माझ्याकडे यायची गरज उरली नाही. तो आज काम करतो, त्याला दोन मुलं आहेत.

आठ हजारांची गोळी दुकानात होती ती कायद्यामुळे, हे मला तेव्हा हळूहळू समजत गेलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट द्यायचं नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर द्यायचं, असं ठरवलं होतं. देशातल्या औषध कारखान्यांची भरभराट त्यातून झाली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. तिच्या ट्रिप्स कराराने प्रत्यक्ष औषधावर वीस वर्षांचं पेटंट देणं बंधनकारक केलं, आणि मिळालेली मुदत संपल्यावर १ जानेवारी २००५ पासून आपण ते मान्य केलं. म्हणजे व्यापाराच्या कराराने आपला औषधांचा कायदा बदलणं ही काल्पनिक भीती नाही. ते एकदा घडलेलं आहे.

पण त्या वेळी संसदेत भांडण झालं, आणि ते बरं झालं. त्यातून कायद्यात काही कलमं आली. कलम ३(ड) सांगतं की जुन्याच रसायनाचं नवं रूप काढलं म्हणून नवं पेटंट मिळणार नाही, गुण जास्त येतो हे दाखवावं लागेल. पेटंट मिळण्याआधी कोणालाही हरकत घेता येईल, अशीही तरतूद राहिली. आणि औषध लोकांच्या आवाक्यात नसेल तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना देऊ शकेल, ही तर होतीच.

इमॅटिनिबच्या बाबतीत यातली पहिली दोन हत्यारं कामी आली. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि काही भारतीय कंपन्यांनी पेटंटला हरकत घेतली. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने मूळ कंपनी नोव्हार्टिसचा अर्ज फेटाळला. कंपनीने कलम ३(ड) लाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेही २००७ मध्ये फेटाळलं गेलं. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. पेटंट नाकारलेलंच राहिलं. त्या संध्याकाळी मी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत एका रुग्णाचे कागद पोचवायला गेले होते. तिथे उपचारासाठी राहिलेल्या बायका स्टोव्हवर भात लावत होत्या. निकालाची बातमी कुणालाही ठाऊक नव्हती. ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्यांची गोळी दुसऱ्या दिवशी त्याच किमतीला मिळणार होती, एवढंच त्या निकालाने केलं होतं, आणि ते फार मोठं होतं.

सक्तीचा परवाना आजवर एकदाच दिला गेला. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचं सोराफेनिब बायर कंपनी महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकत होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांना विकण्याचा परवाना दिला. मूळ कंपनीला सहा टक्के रॉयल्टी ठरली. हा परवाना मुंबई उच्च न्यायालयातही टिकला.

एचआयव्हीच्या रुग्णांना हे सगळं आमच्या आधी कळलेलं होतं. २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा जगात त्याच उपचाराला दहा-बारा हजार डॉलर पडत होते. १ एप्रिल २००४ पासून जे. जे. सह काही निवडक सरकारी रुग्णालयांत ही औषधं मोफत मिळू लागली. आधी फक्त मरणाची वाट बघणारी माणसं कामावर परत गेलेली मी पाहिली आहेत. म्हणूनच २०१० च्या सुमारास एचआयव्ही रुग्णांच्या गटांनी परळला एक बैठक ठेवली आणि आम्हा रुग्णालयवाल्यांनाही बोलावलं, तेव्हा मी गेले. विषय होता युरोपीय संघाशी चाललेला मुक्त व्यापार करार. त्याची बोलणी २००७ पासून सुरू होती.

त्या बैठकीत एका वकील बाईंनी 'डेटा एक्सक्लुझिव्हिटी' समजावून सांगितली. नवं औषध आणणारी कंपनी माणसांवर चाचण्या करते आणि त्यांची माहिती औषध नियंत्रकाकडे देते. दुसरी कंपनी तेच औषध बनवते तेव्हा तिने त्या चाचण्या पुन्हा करायच्या नसतात. आपली गोळी शरीरात तितकीच आणि तशीच उतरते, हे दाखवलं की नियंत्रक आधीच्या माहितीच्या आधारावर परवानगी देतो. युरोपची मागणी होती की काही वर्षं नियंत्रकाने त्या माहितीचा आधार घ्यायचाच नाही. म्हणजे स्वस्त औषध बनवणाऱ्याने एक तर त्याच चाचण्या पुन्हा रुग्णांवर कराव्यात, नाही तर थांबावं. मागे बसलेला एक रुग्ण उभा राहिला. त्याच्या औषधांची पहिली फळी निकामी होऊन तो दुसऱ्या फळीवर आला होता. त्याने विचारलं, "पेटंट नसलं तरी गोळी अडणार?" बाई म्हणाल्या, "हो." "आणि सक्तीचा परवाना दिला तर?" "परवाना मिळेल, पण विक्रीची मंजुरी मिळणार नाही." इतका स्पष्ट प्रश्न मी त्यानंतर कुठल्याही चर्चासत्रात ऐकला नाही.

हे कुठे घडलंय का, असं मीच विचारलं. त्यांनी जॉर्डनचं उदाहरण दिलं. अमेरिकेशी व्यापार करार केल्यावर तिथे काय झालं, याचा अहवाल ऑक्सफॅमने २००७ मध्ये काढला होता. पेटंट नसलेली १०३ नवी औषधं तपासली, तर त्यांतल्या किमान ७९ टक्के औषधांना स्वस्त पर्यायच बाजारात नव्हता, आणि कारण हीच तरतूद होती. मी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि पुढे अनेकांना वाचून दाखवला.

२ मार्च २०११ रोजी युरोपच्या या मागणीविरुद्ध दिल्लीत हजारो एचआयव्हीग्रस्त रस्त्यावर उतरले. आमच्या ओळखीचेही काही जण रेल्वेने गेले होते. सोबत औषधांच्या डब्या आणि दोन दिवसांचा डबा. सरकारने युरोपची ती मागणी मान्य करणार नाही असं जाहीर केलं, आणि २०१३ मध्ये ती बोलणीच थांबली. २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

दडपण फक्त पेटंटवरच येतं असं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या किमती बांधल्या. औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. त्याआधी लेपवाला स्टेंट लाखाच्या वर जायचा. स्टेंटसाठी मंगळसूत्र गहाण ठेवून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एका खासगी रुग्णालयातून आमच्याकडे हलवलेल्या रिक्षाचालकाच्या हातात तिथलं बिल होतं, त्यात स्टेंट कोणता, कुठल्या कंपनीचा, काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त रक्कम होती. किमती बांधल्यावर पहिल्या महिन्यातच आमच्या टेबलाशी स्टेंटसाठी येणाऱ्यांच्या विनंत्या बदलल्या. जमवायची रक्कम माणसाच्या आवाक्यातली झाली.

आणि मग अमेरिकेतल्या वैद्यकीय उपकरण कंपन्यांच्या संघटनेने तिथल्या सरकारकडे तक्रार केली की भारताच्या किंमत नियंत्रणामुळे आमच्या व्यापाराला अडथळा येतो. दूध उद्योगाचीही वेगळी तक्रार होती. या दोन तक्रारींवरून २०१८ मध्ये भारताच्या व्यापार सवलतींची फेरतपासणी सुरू झाली, आणि ५ जून २०१९ पासून अमेरिकेने आपल्याला मिळणारी आयातशुल्काची सवलत काढून घेतली. मला आजही हे पचत नाही. सायनच्या रिक्षाचालकाच्या हृदयातल्या जाळीची किंमत आपल्या सरकारने ठरवली, हा दुसऱ्या देशाच्या व्यापाराला अडथळा कसा ठरतो? ज्या सरकारने त्याच्यावर उपचार करायचे, त्याला किंमत ठरवायचाही अधिकार असला पाहिजे. किमती पुढेही बांधलेल्या राहिल्या, हे सरकारचं श्रेय आहे आणि ते दिलं पाहिजे.

आता क्षयरोगाचं सांगते, कारण मुंबईला त्याची मोठी झळ बसते. औषधांना न जुमानणारा क्षय झाला की पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागायची, आणि त्यांनी कित्येकांचे कान जायचे. गोवंडीची एक कॉलेजातली मुलगी माझ्याकडे शिष्यवृत्तीच्या कागदासाठी यायची. पहिल्या भेटीत ती बोलायची, हसायची. नंतर मी कागदावर लिहायचे आणि ती उत्तर द्यायची. क्षय बरा झाला, ऐकू येणं परत आलं नाही. बेडाक्विलिन नावाची गोळी आल्यावर इंजेक्शनाशिवाय उपचार शक्य झाले.

त्या गोळीचं पहिलं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरं पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं चालली असती. त्याला २०१९ मध्ये हरकत घेतली ती दोन तरुणींनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींना क्षय झाला होता, दोघींचे कान उपचारात गेले होते. मार्च २०२३ मध्ये, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. संशोधनाला पैसा लागतो आणि तो कुठून तरी यावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण याच औषधाच्या चाचण्यांमध्ये सरकारी आणि देणगीचा पैसाही मोठ्या प्रमाणात होता. लोकांच्या पैशांतून जे घडलं त्याची मक्तेदारी वीस वर्षांपुढेही लांबवायची, हे न्यायाचं नाही.

रुग्णाने स्वतः जाऊन हरकत घ्यावी आणि जिंकावी, हे ज्या कलमामुळे झालं तेच कलम आता अवघड केलं जात आहे. १० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांच्या गटाशी करार केला. डेटा एक्सक्लुझिव्हिटी त्यात येऊ दिली नाही, हे चांगलं झालं. पण त्याच आठवड्यात, १५ मार्चला, आपले पेटंटचे नियम बदलले. पेटंटपूर्व हरकतीला आधी फी नव्हती, आता आहे. हरकत ऐकण्याजोगी आहे का, हे आधी पेटंट नियंत्रक ठरवणार. पेटंट घेतलेलं औषध देशात खरोखर बनतं का, विकलं जातं का, याचा अहवाल कंपन्यांना दरवर्षी द्यावा लागायचा. तो आता तीन वर्षांतून एकदा. औषध लोकांपर्यंत पोचत नाही हे सिद्ध करायला हाच अहवाल लागतो. सोराफेनिबच्या प्रकरणात तोच उपयोगी पडला होता.

२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला. त्याच्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणात लिहिलं आहे की औषधं लोकांना मिळावीत यासाठी कंपन्यांनी स्वेच्छेने परवाने देणं हाच अधिक पसंतीचा आणि उत्तम मार्ग आहे. सक्तीच्या परवान्याचा अधिकार कागदावर राहतो, सरकारही तेच सांगतं. पण माझा टेबलावरचा अनुभव वेगळं सांगतो. स्तनाच्या कर्करोगावरच्या एका महागड्या इंजेक्शनासाठी मी एका कंपनीच्या मदत योजनेत बुलढाण्याच्या एका रुग्णबाईंचे कागद पाठवले होते. योजना चालू होती, फोन उचलला जात होता, पण कागदांत दर वेळी नवीन त्रुटी निघत होती. मंजुरी आली तेव्हा त्या बाई उरल्या नव्हत्या. ज्याच्या हातात देणं आहे त्याच्या मर्जीवर उपचार अवलंबून ठेवले की असं होतं. सक्तीच्या परवान्याचा धाक असतो म्हणून कंपन्या स्वेच्छेने बोलायला बसतात. तो धाकच दुय्यम ठरवणारं वाक्य आपण आपल्या सहीने का मान्य केलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

स्वस्त औषधाच्या सगळ्या सरकारी योजना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, ती म्हणजे एकापेक्षा जास्त विक्रेते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या रुग्णालयांसाठी ४० औषधं एकत्र खरेदी केली आणि सुमारे १,३२० कोटी रुपये वाचवले. हे घासाघीस करून झालं, आणि घासाघीस करायला समोर दोन-चार दुकानं असावी लागतात. जनऔषधी केंद्र असो की महात्मा फुले जनआरोग्य योजना, एकाच कंपनीकडे औषध असेल तर योजना तिच्या किमतीपुढे हतबल होते, किंवा ते औषध यादीतूनच गळतं. मग पुन्हा बाहेरची चिठ्ठी.

व्यापार वाढू नये असं मी म्हणत नाही. कोल्हापुरी चपलेला ब्रिटनमध्ये शून्य शुल्क मिळणार, इचलकरंजीच्या कापडाला बाजार मिळणार, याचा मला आनंद आहे. पण चपलेच्या शुल्काच्या बदल्यात औषधाचं कलम द्यायचं, हा सौदा ज्या माणसाच्या जिवावर होतो त्याला त्या खोलीत कुणी बोलावत नाही. आपल्याकडे असा करार सही होण्यापूर्वी संसदेत मंजूर करून घ्यावा लागत नाही. २००५ मध्ये खासदारांनी भांडून मिळवलेलं कलम करारातल्या एका परिच्छेदाने बोथट होऊ शकतं, आणि खासदारांना मजकूर सह्या झाल्यावर वाचायला मिळतो. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यांचा विषय आहे. औषधांची खरेदी महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीतून होते, महानगरपालिकेच्या तिजोरीतून होते. तरी राज्याला कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सध्याचे केंद्रीय वाणिज्यमंत्री उत्तर मुंबईचे खासदार आहेत. मी त्यांना पत्र लिहिलं आहे. माझ्या मागण्या फार नाहीत. औषधं, लसी आणि वैद्यकीय उपकरणं व्यापार कराराच्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणातून वगळा. किमती बांधायचा अधिकार कुठल्याही करारात गहाण टाकू नका. आणि जो करार कराल त्याचा हा भाग सही होण्याआधी संसदेसमोर आणि राज्यांसमोर ठेवा. तुमच्या घरात कुणी रोज गोळी घेत असेल, आणि बहुतेक घरांत कुणी ना कुणी घेतंच, तर असंच एक पत्र तुमच्या खासदारांना मराठीत लिहा. त्या गोळीचं नाव आणि तिची आजची किंमत त्यात जरूर लिहा.